लाल बटण आणि सोमवारचं इंडक्शन

दर सोमवारी सकाळी साडेआठला आमच्या ट्रेनिंग रूममध्ये वीस-बावीस नवी माणसं बसलेली असतात. बहुतेक पोरं एकोणीस-वीस वर्षांची, आयटीआय करून आलेली, बीड, लातूर, नांदेड, परभणीकडची, काही बिहार-ओडिशाची, हल्ली मुलीही बऱ्याच. युनिफॉर्मच्या घड्या अजून मोडलेल्या नसतात, सेफ्टी शूज पहिल्या दिवशी हमखास चावतात, आणि गेटपासचा कागद हातात घट्ट धरलेला. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणारी आमची कंपनी, प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनांचा विभाग, मोठं, आणि मी तिथे सेफ्टी ऑफिसर. या पोरांनी प्लांटमध्ये पाऊल टाकायच्या आधी त्यांना सेफ्टीचं इंडक्शन द्यायचं काम गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे.

पहिली पाच वर्षं मी ते जसं द्यायचे ते आधी सांगते. हेड ऑफिसकडून आलेली चौसष्ट स्लाइड्सची फाइल होती, इंग्रजीत. पहिल्या स्लाइडवर कंपनीचं सेफ्टी धोरण, सही शिक्क्यासकट, मग व्याख्या, मग पीपीई (अंगावर घालायची सुरक्षेची साधनं), मग आगीचे प्रकार, अग्निशामक कुठला कशाला वापरायचा, मग लॉक-टॅग (दुरुस्तीच्या वेळी मशीन कुलूप आणि पाटी लावून बंद ठेवणं), केमिकल, क्रेन, फोर्कलिफ्ट... दिवे मालवायचे, एसी लावायचा आणि मी दोन तास बोलायचे. विसाव्या स्लाइडच्या आसपास मागच्या रांगेतल्या माना पडायला लागायच्या. सुरुवातीला मला राग यायचा, एवढं जिवाचं सांगतेय आणि ही पोरं झोपतायत म्हणून, पण एकदा चहाच्या वेळी एका पोराला विचारलं तेव्हा कळलं की तो गावाहून रात्रभर ट्रॅव्हल्सने आलाय, पहाटे उतरलाय, रूमवर सहाजण आहेत म्हणून नंबर लावून आंघोळ केलीय आणि नाश्ता न करता गेटवर हजर झालाय. त्याला अंधाऱ्या थंड खोलीत बसवून इंग्रजी वाचून दाखवल्यावर तो दुसरं काय करणार. शेवटी दहा मार्कांचा पेपर असायचा, त्यात सगळ्यांना आठ-नऊ-दहा मिळायचे, फॉर्मवर सह्या व्हायच्या, फाइल ऑडिटला तयार. ऑडिटमध्ये त्या फाइलला कधीही शेरा आला नाही.

मग चार वर्षांपूर्वीचा तो गुरुवार आला.

प्रेसच्या खालून स्क्रॅपचा कन्व्हेयर जातो, कापलेल्या पत्र्याचे तुकडे त्यावरून बाहेरच्या बिनमध्ये पडतात. तिथे एक जुना हेल्पर अडकलेला तुकडा काढत होता, बेल्ट चालू असताना, जे करायचं नसतं पण केलं जातं. त्याचा हातमोजा शेवटच्या पुलीत गेला. शेजारी एक नवा पोरगा उभा होता, कामाचा चौथा दिवस. त्याच्यापासून दोन पावलांवर खांबाला इमर्जन्सी बटण होतं. पोरगा पळाला. बटणाकडे नाही, सुपरवायझरला बोलवायला, लाइनच्या दुसऱ्या टोकाला. मी नंतर तेवढं अंतर पावलांनी मोजलं, चाळीस पावलं. सुपरवायझरने जवळचं बटण मारेपर्यंत त्या माणसाच्या दोन बोटांची पेरं गेली होती.

संध्याकाळी त्या पोराला मी माझ्या टेबलाजवळ बसवलं. तो थरथरत होता, त्याला आधी पाणी दिलं. मग विचारलं, "बाळा, लाल बटण तुला माहीत नव्हतं का?"

"माहीत होतं मॅडम."

"मग दाबलं का नाहीस?"

बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, "ते दाबलं की लाइन बंद पडते ना मॅडम. मला वाटलं, मी नवीन आहे, मी कशी काय बंद करू."

रात्री मी त्याचा पेपर काढून बघितला. प्रश्न सातवा, इमर्जन्सी स्टॉप बटणाचा रंग कोणता आणि ते कधी दाबावे. उत्तर बरोबर होतं, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, त्याखाली माझी लाल टिक. दहापैकी दहा.

तो पेपर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पोरगा आठ दिवसांनी गावी गेला तो परत आला नाही, मी दोनदा फोन केला, त्याच्या आईने उचलला, म्हणाली त्याला आता कंपनी नको वाटते. त्या माणसाची बोटं गेली त्याची जबाबदारी त्या पोरावर नव्हती, आणि हे मी त्याच्या आईला फोनवर सांगितलं, तिला ते कितपत पोचलं माहीत नाही. माझ्या बाजूने हिशोब स्पष्ट होता: मी त्याला बटणाचा रंग शिकवला होता आणि ते दाबायची परवानगी द्यायची राहून गेली होती.

त्यानंतर प्रेझेंटेशन बदलायचं ठरवलं, पण बदलायचं म्हणजे काय हे तेव्हा मला नीट कळलेलं नव्हतं. मी आधी केलं ते सगळेच करतात. रंग टाकले, हलणारी चित्रं टाकली, अपघातांचे सीसीटीव्ही व्हिडिओ टाकले जे व्हॉट्सॲपवर फिरत असतात. व्हिडिओंनी पोरं जागी झाली हे खरं. पण एक मुलगी चक्कर येऊन बाहेर गेली, आणि पुढच्या आठवड्यात लाइन लीडर मला सांगायला आले की मॅडम या बॅचच्या पोरांचे हात प्रेसवर थरथरतायत, असा घाबरलेला हात जास्त चुकतो. ते शंभर टक्के बरोबर बोलत होते. मग व्हिडिओ काढले आणि प्रश्नमंजुषा आणली, बरोबर उत्तराला चॉकलेट. खोलीत हशा, टाळ्या, छान वातावरण, फीडबॅक फॉर्मवर सगळीकडे 'उत्तम'. आणि महिन्याभरानंतर शॉपवर त्यातल्या पाचजणांना सहज विचारलं की तुमच्या मशीनचं इमर्जन्सी बटण दाखवा, तर दोघांनी आधी इकडेतिकडे बघितलं. लोकांना मजा येणं आणि लोकांच्या हातात काही उतरणं यातला फरक मला त्या दिवशी दिसला.

मला वाट सापडली ती आमच्या गावच्या सप्ताहात. दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताहाला मी दोन दिवस जाते. रात्रीचं कीर्तन, नऊला सुरू होतं, समोर दिवसभर शेतात राबलेली माणसं, म्हाताऱ्या बाया, पोरंटोरं. झोपायची सगळी कारणं हजर, आणि तरी ती माणसं जागी असतात. लहानपणापासून ऐकत आले तरी त्या वर्षी मी पहिल्यांदा ते कसं करतात हे बघत बसले. महाराज एक अभंग घेतात, एकच, दोन तास त्याच एका अभंगाभोवती फिरतात. चार वाक्यं बोलले की टाळकरी उचलतात, विठ्ठल विठ्ठल, आणि सगळा मंडप टाळ्या धरतो, म्हणजे ऐकणाऱ्याचे हात आणि तोंड सारखं कामात. आणि दृष्टांत देताना म्हणाले, "परवा तुमच्या ओढ्याला पाणी आलं तेव्हा म्हशी पलीकडे राहिल्या होत्या ना?" सगळा मंडप एकदम "हो!" करून उठला. नंतर कळलं की महाराज दुपारीच आले होते, पारावर बसून दोन तास लोकांशी बोलत होते, काय पिकलं, कुणाकडे काय झालं. रात्री तेच अभंगात ओवलं.

मी परत आले आणि पुढच्या सोमवारी साडेसातलाच कँटीनमध्ये जाऊन नव्या पोरांबरोबर पोह्यांची प्लेट घेऊन बसले. कुठून आलात, रूम मिळाली का, आधी मशीन बघितलंय का, घरच्यांना काय सांगून आलात. तेव्हापासून ते सुटलेलं नाही. एक पोरगा म्हणाला, आईने सांगितलंय मशीनपासून लांब राहा, आता मला सांगा प्रेसवर काम लागल्यावर लांब कसं राहणार. मी त्याच वाक्यावर त्या दिवशीचं सगळं इंडक्शन उभं केलं, त्याची परवानगी घेऊन. लांब कुठे राहायचं आणि जवळ कुठे जायचं, हात कुठपर्यंत, चिमटा कुठून पुढे. चौसष्टच्या अकरा स्लाइड्स झाल्या. केमिकल, क्रेन, फोर्कलिफ्ट हे सगळं ज्याला लागेल त्याला त्याच्या जागेवर, पहिल्या आठवड्यात, थोडं थोडं. सगळं पहिल्या दिवशी ओतायचं कारण फक्त एक होतं, फॉर्मवर एका तारखेत सगळ्या सह्या बसतात. ऑडिटसाठी आता फॉर्मवर पाच तारखा असतात, थोडं काम वाढलं, एवढंच.

भाषेचंही सांगते. 'पिंच पॉइंट' हा शब्द मी पाच वर्षं वापरला आणि पोरं मान हलवत राहिली. एकदा प्रेसजवळ नेऊन विचारलं, या जागेला तुम्ही काय म्हणाल? एकजण म्हणाला, "हात धरणारी जागा." आता स्लाइडवर तेच लिहिलंय, खाली हिंदीत. 'नियर मिस' रिपोर्ट कुणी भरत नव्हतं, त्याचं नाव 'थोडक्यात वाचलो' केलं, पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी, नाव लिहायची सक्ती नाही, तर पेटीत चिठ्ठ्या पडायला लागल्या. एक चिठ्ठी अशी होती: "टू हँडचं एक बटण फडक्याने बांधलेलं असतं रात्रीला." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रेसला दोन बटणं लांब लांब असतात, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच स्ट्रोक, म्हणजे प्रेसचा ठोका, पडतो, म्हणजे स्ट्रोक पडताना दोन्ही हात डायच्या, म्हणजे साच्याच्या, बाहेर असणारच. एक बटण बांधून टाकलं की एक हात मोकळा होतो, काम भराभर होतं, आणि तो मोकळा हात कुठे जाईल याचा भरवसा नसतो. आमचा प्रेस मिनिटाला चाळीस स्ट्रोक मारतो. दर दीड सेकंदाला एक.

फोटोही बदलले. आधी स्लाइडवर गोरे घारे परदेशी कामगार, पांढरंशुभ्र हेल्मेट, चकाचक फ्लोर. ते आमचं कुणीच नव्हतं. आता आमच्याच शॉपचा एक मोठा फोटो लावते, माणसं नसलेला, आणि दोन-दोनच्या जोड्यांना सांगते, यात काय काय चुकलंय शोधा. मी गप्प बसते. हे गप्प बसणं फार अवघड जातं, पहिल्या अर्ध्या मिनिटात वाटतं आपणच सांगून टाकावं. मला त्या फोटोत सात चुका माहीत होत्या. एका बॅचने नऊ काढल्या. त्यातली एक नांदेडच्या पोराने दाखवली: खांबावरचं लाल बटण बिनांच्या थप्पीमागे झाकलेलं होतं, अर्धंच दिसत होतं. मी तो फोटो स्वतः काढला होता आणि तीन महिने दाखवत होते. त्याच दुपारी मेंटेनन्सवाल्यांनी जमिनीवर पिवळा चौकोन मारला आणि त्यात काही ठेवायचं नाही असं लिहिलं, आणि त्या पोराला आम्ही मुद्दाम तिथे उभं केलं की बघ, तुझ्यामुळे झालं. पहिल्याच दिवशी.

पण या सगळ्यात मला जे खरं करायचं होतं ते खोलीत होणारं नव्हतं. प्रत्येक नव्या माणसाने पहिल्या दिवशी, स्वतःच्या हाताने, चालती लाइन बंद करायची. हे मी प्रॉडक्शन हेडना सांगितलं तेव्हा ते आधी ऐकूनच घेईनात. वीस माणसं, थांबव, चालू कर, थांबव, दहा मिनिटं गेली तरी चारशे जॉब, म्हणजे पार्ट, गेले मॅडम, दर सोमवारी. त्यांचंही चुकीचं नव्हतं, त्यांच्या डोक्यावर डिस्पॅचची गाडी उभी असते. मी ड्रॉवरमधला तो पेपर घेऊन गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, सातवा प्रश्न वाचला, पोराचं नाव वाचलं. मग म्हणाले, एक नंबरची लाइन, चहाच्या सुट्टीला लागून घ्या, लीडरला मी सांगतो.

सगळी गोल करून उभी राहतात, कानात प्लग, आणि एकेकाने पुढे यायचं. पहिला माणूस बटण एका बोटाने दाबतो. नेहमी. दाराची बेल वाजवल्यासारखं, हळूच, आणि बटण आत जातच नाही, कारण ते मुद्दाम जाड, छत्रीसारखं केलेलं असतं, पिवळ्या पाठीवर लाल, तळव्याने मारायचं असतं. मी म्हणते, मार. तो परत हळू दाबतो आणि लीडरकडे बघतो. हे बघणं महत्त्वाचं आहे, माझ्याकडे कुणी बघत नाही, कारण उद्यापासून त्याचा मालक कोण हे त्याला बरोबर कळलेलं असतं. तेव्हा लीडर मोठ्याने ओरडतात, "मार रे बिनधास्त!" आणि तळवा पडतो, खट्, आणि प्रेसचा वरखाली होणारा भाग जागच्या जागी थांबतो. कानातल्या प्लगमधूनसुद्धा तो आवाज पडलेला कळतो. पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी वर्णन करू शकत नाही, एवढं मोठं धूड आपल्या एका हाताने थांबलं.

मग मी वर बघायला सांगते. फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, अजून फिरत असतं. बटण मारलं तरी त्यातली ताकद लगेच संपत नाही, म्हणून थांबलं दिसलं की लगेच हात घालायचा नाही. कोपऱ्यात चावी क्लचचे दोन जुने प्रेस आहेत, त्यांचा स्ट्रोक एकदा सुटला की पूर्ण होऊनच थांबतो, मध्ये काही करता येत नाही, तेही तिथेच दाखवते. मग बटण फिरवून सोडायचं, आणि सोडल्यावर मशीन आपोआप चालू होत नाही हे प्रत्येकाने बघायचं, कारण निम्म्या लोकांना तीच भीती असते. हे सगळं आधी सदतीस ते एक्केचाळीस या स्लाइड्सवर होतं, सुंदर आकृत्यांसकट.

आणि प्रत्येकाने मारल्यावर लीडर त्याला त्याच्या नावाने म्हणतात, बरं केलंस. मी म्हणून उपयोग नाही. मी एकदा आजारी असताना दुसऱ्या कुणीतरी हे घेतलं आणि लीडरना मोबाइलवर कामं होती म्हणून ते बाजूला उभे राहिले, त्या बॅचला मी नंतर परत बोलावलं.

जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये धागा तुटला की आपोआप थांबणारा माग बनवला, आणि पुढे त्यांच्या घराण्याच्या गाड्यांच्या कारखान्यात लाइनवरच्या कामगाराला डोक्यावरची दोरी ओढून काम अडवायची मुभा आली. चाकणमध्ये अँडॉनचे, म्हणजे कामगाराने लाइन अडवली की पेटणारे, दिवे आता बऱ्याच कंपन्यांत लटकलेले दिसतात. दिवा लावणं सोपं आहे. चौथ्या दिवसाच्या पोराने तो पेटवला तर त्याच्याशी कोण कसं बोलतं, तिथे सगळं ठरतं, आणि ते कुठल्याही कॅटलॉगमधून विकत मिळत नाही.

एक स्लाइड मात्र मी हौसेने ठेवलीय, नुसती अक्षरं, चित्र नाही. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात जे झालं त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायदा बदलला आणि त्यात कलम १११ए आलं. २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली, पण त्या कलमाने कामगाराला कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची माहिती मागायचा आणि सुरक्षेचं ट्रेनिंग मिळायचा हक्क दिला होता. मी ते मराठीत सांगते, मग हिंदीत सांगते. म्हणते, हे दोन तास कंपनीने तुमच्यावर केलेले उपकार नाहीत, तुमचे आहेत, कळलं नाही तर परत विचारा, दहा वेळा विचारा. एकदा मागून एका मुलीने विचारलं, "म्हणजे आम्ही तुम्हालाच परत बोलवू शकतो?" हो. अगदी मलाच.

आमच्याकडे एक मामा आहेत, तीस वर्षं प्रेसवर, डाव्या हाताची दोन बोटं जुन्या एका कंपनीत गेली. ते इंडक्शनला यायचे, पाच मिनिटं बोलायचे, हात वर करून नाही दाखवायचे, नुसते टेबलावर ठेवायचे, आणि खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल. गेल्या वर्षी म्हणाले, "ताई, आता नको. दर सोमवारी ती बोटं परत जातात." मी आधी का नाही विचारलं त्यांना, याचं वाईट वाटतं. आता मामा बोलत नाहीत, पण लाइनजवळ उभे असतात, आणि एखाद्या पोराने बटण फारच हळू दाबलं तर त्याचा हात हातात घेऊन त्याला कसं मारायचं ते दाखवतात. बोटांबद्दल पोरांना काही सांगावं लागत नाही.

लाइन कुणी का थांबवली याचं एक रजिस्टर आहे, मी रोज आल्याआल्या ते वाचते. गेल्या महिन्यात एक नोंद दिसली, सकाळी सात चाळीस, तीन नंबरची लाइन, चार मिनिटं बंद. सही एका मुलीची, जॉइन होऊन नऊ दिवस झालेली. मी तशीच शॉपवर गेले. ती जॉब लावत होती, मला बघून तिचा चेहरा पडला.

"मॅडम, काही झालं नव्हतं. मामांचा नारिंगी रुमाल बेल्टवर पडला होता."

"मग?"

"मला लांबून हातमोजा वाटला."

"लीडर काय म्हणाले?"

"विचारलं, का थांबवलीस. मी सांगितलं. मग त्यांनी स्वतः जाऊन रुमाल काढला, मला दाखवला आणि म्हणाले, बरं केलंस, आता सोड बटण."

रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात तिने एवढंच लिहिलं होतं, 'हात वाटला'. खाली लीडरची सही, आणि सहीपुढे बरोबरची खूण.